भरल्या कपाळाचा फोटो

सांगलीत हरभट रोडच्या एका बोळात लालासाहेबांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या खोलीत शकुंतलाबाई बसायच्या. पुढच्या दालनात जिवंत माणसं यायची, पावडर लावून, भांग पाडून, पडद्यापुढं ताठ बसायची. मागच्या खोलीत गेलेली माणसं यायची. घरातलं कुणी वारलं की लोक हाताला लागेल तो फोटो घेऊन येत. कुणाचा लग्नातल्या घोळक्यातला, कुणाचा बैलजोडीमागं अर्धा झाकलेला. त्यातून एवढंसं डोकं उचलायचं, मोठं करायचं, चिरा बुजवायच्या, डोक्यावर फेटा नाहीतर पदर द्यायचा आणि भिंतीवर हार घालण्याजोगं माणूस उभं करायचं, हे शकुंतलाबाईंचं काम. माहेर कोरेगावचं, सासर सांगलीचं, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. लालासाहेब गिऱ्हाइकांना सांगायचे की बाईंचं काम बाईंच्या तोंडापेक्षा थोडं पुढं आहे, म्हणून आमचं निभतंय.

आधी त्या निगेटिव्हवर शिसपेनीनं काम करायच्या. मग लालासाहेबांनी कॉम्प्युटर आणला. पहिले कित्येक महिने शकुंतलाबाईंनी त्या माऊसला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या सासरच्या कुणालाही घातल्या नसतील. पण बाई चिवट. रडतखडत, ओठ चावत, चुकत त्या शिकल्या आणि एकदा हात बसल्यावर कुठं काय आहे ते डोक्याला विचारायची गरजच उरली नाही. डोक्याभोवती रेघ मारायची, आत धरून ओढायचं, डोकं उचलून येई. नव्या जागी सोडलं की तिथंच चिकटे. सायकल यायला लागली की माणूस पायाकडं बघत नाही, तसं झालं होतं.

आणि हे असं सुरळीत चाललेलं असताना सत्त्याण्णव साली मिरजेचा धवल आला.

धवल कॉम्प्युटर विकायचा आणि दुरुस्त करायचा. गुळगुळीत दाढी, खांद्याला बॅग, बोलणं साखर घोळल्यासारखं. मशीन साफ करायला म्हणून आला आणि शकुंतलाबाई घरी जेवायला गेल्या होत्या तेवढ्यात फोटोचा जुना प्रोग्राम काढून नवा टाकून गेला. लालासाहेबांना त्यानं सांगितलं की हा त्याच प्रोग्रामचा पुढचा अवतार आहे आणि पुण्या-मुंबईत सगळे आता यावरच काम करतात. पुण्या-मुंबईचं नाव काढलं की लालासाहेब विरघळत नाहीत असं कधी झालेलं नाही. त्यांनी चहा पाजून त्याला निरोप दिला. जिला त्यावर बसायचं होतं तिला विचारावं हे दोघांच्याही मनात आलं नाही.

शकुंतलाबाई जेवून आल्या. कवठे महांकाळच्या एका सरपंचाचं डोकं उचलायचं होतं. डोक्याभोवती रेघ मारली. रेघेवरच्या तुटक ठिपक्यांना त्या मुंग्या म्हणायच्या. मुंग्या पळायला लागल्या. त्यांनी आत धरून ओढलं. मुंग्या गेल्या, डोकं तिथंच. पुन्हा ओढलं. पुन्हा मुंग्यांची रांगच तेवढी सरकली आणि सरपंच जागचे हलले नाहीत. शकुंतलाबाईंनी माऊस उलटा केला, आतली गोळी काढून पदरानं पुसली, परत घातली. मशीन बंद करून चालू केलं. सरपंच हलेनात.

मग हळूहळू एकेक उघडकीला आलं. ज्या बटणावर ब्रश होता तिथं दुसरंच काहीतरी निघे. उलटं करायला गेलं तर निवडलेला तुकडा सोडून सबंध फोटोच उलटा होई, आणि बायकांच्या नथी उजव्या नाकपुडीत जात. चिकटवलेली कुठलीही गोष्ट खालच्या फोटोला चिकटायची म्हणून नाही. ती आपला वेगळा थर करून वर तरंगत बसे. धवल त्याला लेयर म्हणायचा. प्रत्येक लेयरपुढं एक बारका डोळा, तो मिटला की लेयर दिसेनासा व्हायचा, उघडला की परत हजर. फेटा एका थरात, मिशा दुसऱ्या थरात, चेहरा तिसऱ्या. शकुंतलाबाई रंगवायला जात मिशा आणि रंग लागे फेट्याला.

त्यांनी धवलला फोन लावला. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की मॅडम, हे जास्त लॉजिकल आहे, आठवड्यात सवय होईल. शकुंतलाबाईंनी त्याला सांगितलं की माझ्या स्वयंपाकघरात लग्न झाल्यापासून मिठाचा डबा चहाच्या डब्याशेजारी आहे. ते काही लॉजिकल नाही. पण आजवर चहात मीठ पडलेलं नाही, आणि उद्या तू येऊन ते डबे लॉजिकल लावलेस तर पहिला खारट चहा तुलाच पाजीन. जुना प्रोग्राम परत टाक म्हणाल्या, तर त्याच्या डिस्क आता मिळत नाहीत म्हणाला.

सवय आठवड्यात झाली नाही, महिन्यातही झाली नाही. नवं शिकणं अवघड नसतं, जुनं हातातून काढणं अवघड असतं, आणि ते कुणाला सांगून पटत नाही. तेराव्याला पाहिजे असलेले फोटो सोळाव्याला गेले. लालासाहेब खोलीच्या दारात येऊन उगाच घसा खाकरायचे आणि कोल्हापूरची पोरं म्हणे हेच काम चुटकीसरशी करतात, असं भिंतीला सांगून निघून जायचे. शकुंतलाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हाताला कळत होतं ते सगळं एका दुपारीत काढून घेतलं आणि वर हात मंद झाला म्हणतात.

सगळ्यात जास्त चीड त्यांना प्रश्नांची यायची. हा नवा प्रोग्राम उठताबसता विचारायचा. हे ठेवू का, ते बदलू का, असं केलं तर चालेल का. सगळं इंग्रजीत आणि खाली दोन बटणं. सुरुवातीला त्या एकेक अक्षर लावून वाचायच्या. पण कागद आडवा की उभा असल्या फालतू गोष्टीसाठी चष्मा पुसून वाचायचं, तर काम कधी करायचं? डावीकडचं बटण दाबलं की गाडी पुढं जाते एवढं त्यांच्या ध्यानात आलं. मग त्या वाचेनाशा झाल्या. प्रश्न आला की डावं बटण.

अशात जोतीराम आला.

आटपाडीकडच्या वाडीतला मेंढपाळ. खांद्यावर घोंगडं, डोक्याला तांबडा पटका, डोळ्यांवर पांढुरका सारा पडायला लागलेला. बायको तानुबाई वारून वर्ष होत आलं होतं आणि वर्षश्राद्धाला तिचा फोटो पाटावर मांडायचा होता. आयुष्यभर दोघं मेंढरांमागं हिंडली, फोटो काढायला कोण थांबतंय. भाच्याच्या लग्नात काढलेला काळापांढरा फोटो तेवढा मिळाला होता. त्यात तानुबाई बायकांच्या मागच्या रांगेत उभी, आणि फोटोवाल्याचा उजेड असा काही पडलेला की तिच्या कपाळाच्या जागी नुसतं पांढरं.

शकुंतलाबाईंनी नेहमीप्रमाणं विचारलं, लुगड्याचा रंग कोणता? जोतीरामला सांगता येईना. नाकात काय घालायची? तेही येईना. एकच गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती.

"कुंकू लय मोठं लावायची बगा," तो म्हणाला. "रुपायाएवढं. मी मेंढरं घिऊन माळाच्या पल्याड असलो, आन ही पालाम्होरं हुबी ऱ्हायली, तरी मला आदी कुंकू दिसायचं, मग ती. बाकी कसंबी करा बाई. कुंकू तेवढं करा. भरल्या कपाळानं गेली ती, माज्या आदी."

शेवटचं वाक्य त्यानं जरा मान वर करून सांगितलं. दुःख त्याचं होतं, पण तो मान तिचा होता आणि तो चारचौघांत मांडायचं काम आता त्याच्यावर येऊन पडलं होतं. शकुंतलाबाईंना ते सांगायला नको होतं. अहेव गेलेल्या बाईच्या फोटोत एक वेळ नाक वाकडं चालेल, पण कपाळ चुकून चालत नाही.

त्यांनी जीव ओतून काम केलं. चेहरा उचलला, मोठा केला, गालाची हाडं तशीच ठेवली, लुगडं हिरवं दिलं. कुंकू करायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. अगदी गोल केलं तर टिकली चिकटवल्यासारखं दिसे. बोटानं लावलेलं कुंकू कधी कंपासपेटीतलं नसतं. एका अंगाला जरा उतरतं, कडेला भुरभुरतं. तसं त्यांनी केलं. ते वेगळ्या लेयरवर बसलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना वाटलं की हा लेयर म्हणजे अगदीच टाकाऊ प्रकार नाही, कारण कुंकू भुवयांच्या मधोमध येईपर्यंत खालचं कपाळ न बिघडता हलवता आलं.

मूळ फोटोतली एक चीर मात्र कपाळावरून जात होती आणि ती कुंकवाखालीच येत होती. ती बुजवायला शकुंतलाबाईंनी कुंकवाच्या लेयरचा डोळा मिटला. चीर बुजवली. तोवर पुढून लालासाहेबांची हाक आली, की कोल्हापूरच्या लॅबला डिस्क न्यायची एसटी सुटायच्या बेतात आहे. स्वतः शकुंतलाबाईंनाही कोरेगावची गाडी गाठायची होती. भावाच्या घराची वास्तुशांत होती. पदराची किनार तेवढी राहिली होती. त्यांनी पडद्यावर किनार एवढी मोठी करून घेतली की कपाळ पडद्याबाहेर गेलं, किनार रंगवली, आणि लॅबला द्यायला सगळे लेयर एकत्र करायची आज्ञा दिली. प्रोग्रामनं काहीतरी विचारलं. त्यांनी डावं बटण दाबलं. फोटो साठवला, डिस्क लालासाहेबांच्या हातात ठेवली आणि त्या स्टँडकडं धावल्या.

कोरेगावाहून परत आल्या तोवर फोटो छापून, फ्रेम होऊन, गेलासुद्धा होता. कसा आला म्हणून विचारलं तर लालासाहेब फर्स्टक्लास म्हणाले. पुरुषमाणसाला फ्रेमचं पॉलिश आधी दिसतं.

वर्षश्राद्ध झाल्यावर जोतीराम परत आला. घोंगड्यात गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून बाकावर बसून राहिला. लालासाहेबांनी शकुंतलाबाईंना बाहेर बोलावलं. जोतीरामनं घोंगडं उलगडलं. हिरव्या लुगड्यातली तानुबाई, डोक्यावर पदर, जिवंत माणसानं बघावं तसे डोळे. काचेवर कपाळाच्या जागी बोटानं लावलेलं खरं कुंकू होतं, जरा वर आणि तिरकं. आणि फ्रेम थोडी कलती झाली तशी त्या कुंकवाच्या मागं, फोटोत, रिकामं कपाळ दिसलं.

शकुंतलाबाई फ्रेमवर वाकल्या.

झालं ते जोतीरामनं तुटक तुटक सांगितलं. पाटावर फोटो मांडला. सगळी भावकी जमलेली. मग त्याची थोरली बहीण धोंडुबाई पुढं झाली आणि म्हणाली, कपाळ मोकळं का हाय हिचं? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेव्हा जोतीरामनंच तेलाचं बोट कुंकवात बुडवून काचेवर टेकवलं आणि कार्य पार पाडलं.

"बाई," तो म्हणाला, "मी जिता हाय न्हवं अजून?"

त्यात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना. लालासाहेब घाईघाईनं म्हणाले की मशीन बिघडलं होतं, नवीन प्रोग्राम आहे, त्यानं घोळ केला, आणि तिथल्या तिथं मिरजेला फोन लावला. धवलचं बोलणं पलीकडून सगळ्यांना ऐकू येत होतं. तो म्हणाला, सर, प्रोग्राम आपल्या मनानं काही काढून टाकत नाही. टाकायच्या आधी विचारतो.

शकुंतलाबाई आत गेल्या. फोटो उघडला. लेयर एकत्र करून त्यांनी त्याच फाइलवर साठवला होता, त्यामुळं त्यांचं कुंकू आता कुठंच नव्हतं. नव्यानं करावं लागणार होतं. त्यांनी वेडंवाकडं एक लाल वर्तुळ नव्या लेयरवर काढलं, मुद्दाम त्याचा डोळा मिटला आणि एकत्र करायची आज्ञा दिली. प्रश्न आला. चष्मा पुसून, अक्षर अक्षर लावून त्यांनी वाचला. लपवलेले लेयर टाकून द्यायचे का, एवढंच विचारत होता.

म्हणजे विचारलं होतं. कागद आडवा की उभा हे ज्या सुरात विचारायचा त्याच सुरात, तेवढ्याच चौकटीत, एका बाईचं कुंकू टाकू का म्हणून विचारलं होतं, आणि आपण हो म्हटलं होतं. शकुंतलाबाईंना त्या क्षणी धवलचा, लालासाहेबांचा, त्या पडद्याचा आणि स्वतःचा असा राग आला की माऊस भिंतीवर फेकावा. दिवसभर शंभर फालतू प्रश्न विचारून माणसाला बहिरं करायचं, आणि मग त्यात एक खरा प्रश्न सरकवायचा. हा कुठला शहाणपणा? पण कपाळ तर पुसलं गेलं होतं, आणि ते या रागानं भरून येणार नव्हतं.

जोतीराम दारात येऊन उभा राहिला होता. मशीन खरंच बिघडलं होतं का, त्यानं विचारलं. लालासाहेब त्याच्या मागून मान हलवून हो म्हणा, हो म्हणा असं खुणावत होते.

"नाही बाबा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मशीननं विचारलं होतं, कुंकू काढून टाकू का म्हणून. मी न वाचताच हो म्हटलं."

जोतीरामनं पडद्याकडं बघितलं. त्याला त्यातलं काय दिसत होतं कोण जाणे.

"मग आता न्हाई म्हना," तो म्हणाला.

त्यांनी पुन्हा कुंकू केलं. या खेपेस एकत्र करायच्या आधी लेयरचे सगळे डोळे उघडे आहेत ना ते पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवून टेकवून बघितलं. लालासाहेब स्वतः डिस्क घेऊन कोल्हापूरच्या गाडीत बसले. काही झालं तरी माणूस वाईट नव्हता. जोतीराम बाकावर बसून राहिला. बांधून आणलेली भाकरी सोडून खाल्ली, शकुंतलाबाईंनी दिलेला चहा घेतला, फ्रेम मात्र मांडीवरून खाली ठेवली नाही. दिवेलागणीच्या सुमाराला लालासाहेब नवा फोटो घेऊन आले. शकुंतलाबाईंनी तो दिव्याखाली धरून आधी कपाळ बघितलं, मग बाकीचं.

लालासाहेबांनी फ्रेम पालथी घालून मागचे खिळे काढले, जुना फोटो बाहेर घेतला, काच उचलली आणि सवयीनं ओलं फडकं हातात घेतलं. नवा फोटो घालायचा तर काच पुसूनच घालतात. फडकं काचेला लागणार तोच जोतीरामनं त्यांचं मनगट धरलं. म्हातारा होता, पण आयुष्यभर मेंढरं धरलेला हात तो. लालासाहेब जागीच थांबले.

"तसं पुसू नगा," जोतीराम म्हणाला. "आदी आतलं बसवा. मग वरचं पुसा. मदी मोकळं ऱ्हायला नगं."

लालासाहेबांना काही कळेना. शकुंतलाबाईंना कळलं. त्यांनी त्यांच्या हातातून काच काढून घेतली, कुंकवाला बोट न लागू देता फ्रेममध्ये बसवली, मागून नवा फोटो सरकवला, पुठ्ठा लावला आणि खिळे स्वतःच ठोकले. फ्रेम उभी केली. आता तानुबाईच्या कपाळावर दोन कुंकवं होती. एक काचेवरचं, नवऱ्यानं लावलेलं, तिरकं. एक त्याच्या जरा खाली, आत.

लालासाहेबांनी फडकं जोतीरामपुढं केलं. तो मागं सरला.

"माज्या हातनं न्हाई व्हायचं," तो म्हणाला, आणि पाठ करून बोळाकडं तोंड करून उभा राहिला.

शकुंतलाबाईंनी फडकं घेतलं. असली हजार कपाळं त्यांनी पुसली होती, डाग काढले होते, सुरकुत्या घालवल्या होत्या. हात आजवर कधी थांबला नव्हता, तो आता थांबला. मग त्यांनी पुसलं. कुंकू तेलात घट्ट बसलेलं. पहिल्या हातानं ते निघालं नाही, नुसतं पसरलं, आणि सगळं कपाळ तांबडं भडक झालं. खालचं काहीच दिसेना. सगळं डोळ्यांनी बघितलेलं, खिळे स्वतः ठोकलेले, तरीसुद्धा वाटून गेलं की आता हे निघेल आणि खाली पुन्हा काही नसेल. त्यांनी दुसऱ्यांदा पुसलं. फडक्याची घडी बदलून तिसऱ्यांदा पुसलं.

"हाय का?" जोतीरामनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

कोरेगाव सोडल्यापासून स्टुडिओत शकुंतलाबाई कधी गावाकडचं बोलल्या नव्हत्या.

"हाय बाबा," त्या म्हणाल्या. "हाय. वळा आता, बगा."

जोतीराम वळला.